पाहुण्याची जीभ

मराठीत खाद्यभ्रमंतीच्या लेखनाचे पेव फुटले, त्याला आता बरीच वर्षे झाली. आरंभी आम्हीही ते आवडीने वाचत होतो. दिवाळी अंकातल्या कथा-कवितांच्या दाटीत खाण्यावरचा एखादा लेख म्हणजे विसाव्याचा पार वाटे. पुढे हे लेखन रविवारच्या पुरवण्यांत स्थिरावले, मग चित्रफितींत गेले, बोलू लागले, आणि शेवटी आमच्या वर्गात येऊन बसले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निबंधांत. त्यातल्याच एका निबंधामुळे हा लेख लिहावा लागत आहे. त्याकडे वळण्याआधी एक तुलना करू.

काही महिन्यांपूर्वी दोन चित्रफिती पाठोपाठ पाहण्यात आल्या. एकीत कोलंबियाला गेलेला मराठी प्रवासी बोगोटाच्या पालोकेमाओ बाजारात फिरत होता. मक्याची गरम आरेपा त्याने हातात घेतली, एक घास घेऊन डोळे मिटले, मान हलवली आणि 'अस्सल' हा शब्द उच्चारला. विक्रेती बाई मागे अंधूक दिसत होती. दुसरी चित्रफीत कल्याणची. डोंबिवलीत जन्मलेला, कल्याणात शिकलेला एक तरुण खिडकी वड्यासमोर उभा होता. त्यानेही घास घेऊन डोळे मिटले, मान हलवली. शब्दही तोच, 'अस्सल'. तळणारा माणूस इथेही अंधूकच होता.

पहिल्याला आम्ही दोष देत नाही. त्याला स्पॅनिश येत नव्हते, मुक्काम आठ दिवसांचा होता आणि पाहुण्याला जेवढे दिसते तेवढेच त्याला दिसले. आमचा वाद दुसऱ्याशी आहे. घरापासून दोन स्थानकांवरच्या गावात जाऊन तो पाहुणा का झाला? ज्या बाजारातून त्याच्या आईने पंचवीस वर्षे भाजी आणली, त्या बाजारात शिरताना त्याने परक्याचे डोळे का उसने घेतले? आपल्याच गावात पाहुणा होण्याची ही हौस मराठी खाद्यलेखनाचा मूळ दोष आहे, आणि तो दोष लावण्यात आम्हा साहित्याच्या अध्यापकांचा हात आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी 'अस्सल' या शब्दाचा निकाल लावू. वडापावात अस्सल काय आहे? बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांतला. आरेपा खाणाऱ्या त्या प्रवाशाच्या पायाखालीच त्याचे माहेर होते. बोगोटाचे प्रसिद्ध आहियाको सूप तीन जातींच्या बटाट्यांचे असते. मिरचीही अमेरिका खंडातली, आणि चटणीतला शेंगदाणाही तिकडचाच. हे सारे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आले. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज, 'पाव'ही पोर्तुगीज. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला असे सांगतात. पुढे गिरणगावातल्या पाळ्यांनी तो वाढवला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी त्या गावातली माणसे उपनगरांकडे सरकली. अनेकांनी पोटासाठी रस्त्यावर गाड्या लावल्या. इतके समुद्र आणि इतकी उलथापालथ ओलांडून जो पदार्थ आपल्या हातात येतो, त्याचे वर्णन 'अस्सल' या एका शब्दात उरकणे म्हणजे इतिहासाच्या तोंडावर दार लावणे होय.

उल्हासनगरचे दाल-पकवान हे याचे आणखी जवळचे उदाहरण. कल्याणपासून लोकलने पाचेक मिनिटांवर ते 'खाल्लेच पाहिजे' अशा यादीत हमखास असते. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली माणसे कल्याणच्या युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि दाल-पकवान त्या माणसांबरोबर आले. यादी करणाऱ्याला पकवानाचा कुरकुरीतपणा ऐकू येतो. त्या गावाचे भाग आजही 'कॅम्प नंबर अमुक' अशा नावांनी ओळखले जातात, हे तो रिक्षावाल्याला स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि तरीही त्याला काही ऐकू येत नाही.

आता आमच्या अपराधाकडे. साहित्यशास्त्राने आपली मूळ परिभाषा स्वयंपाकघरातून उचलली आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावताना भरतमुनींनी दृष्टान्त दिला तो अन्नाचा. निरनिराळी व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निष्पन्न होतो आणि सुमनस पुरुष तो चाखून हर्ष पावतात, तसेच नाट्यात घडते. पुढे अभिनवगुप्तांनी 'चर्वणा' हा शब्द दिला. मराठीत आपण 'आस्वाद', 'आस्वादक समीक्षा', 'रसग्रहण', 'अभिरुची' असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. आम्हीही शिकवतो, आणि तो दृष्टान्त आम्हाला आजही सुंदर वाटतो. मात्र त्यात द्रव्ये आहेत, संयोग आहे, खाणारा आहे, त्याचे मन प्रसन्न असल्याची नोंदही आहे. रांधणारा कोण, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. शास्त्राला त्याची गरज नव्हती असे म्हणता येईल. पण तीच गैरहजेरी आस्वादक समीक्षेने सांभाळली आणि तीच आज खाद्यभ्रमंतीच्या लेखकाला आयती मिळाली आहे. त्याला वाटते, आपण फक्त चवीबद्दल लिहितो आहोत. रसिकाने स्वतःच्या प्रसन्नतेचे वर्णन केले की लेखन पूर्ण होते, हा संस्कार त्याला आम्हीच दहा गुणांच्या रसग्रहणाच्या प्रश्नातून दिला.

साठोत्तरी साहित्याने, विशेषतः दलित साहित्याने, हा संस्कार मोडून काढला होता, असे आम्ही पुढच्याच सत्रात शिकवतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथातली, आनंद हाच साहित्याचा निकष का मानायचा, ही हरकत विद्यार्थ्यांना पाठ असते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने तर नावातच एक अक्षर वाढवून 'पूर्णब्रह्म' म्हणत जेवायला बसणाऱ्या मराठी पंक्तीला उठवून बसवले. काय खाल्ले हे सांगताना ते का खावे लागले, हेही सांगता येते, याचा हा वस्तुपाठ. त्याच्याही आधी अनिल अवचटांनी हमाल, विडी कामगार, हळदीच्या कारखान्यांतले मजूर यांच्याकडे जाऊन लिहिले. बाजारात वही घेऊन कसे उभे राहायचे, कोणाला काय विचारायचे आणि आपण कोण आहोत हे न विसरता कसे लिहायचे, हे मराठी गद्याला येत नव्हते असे नाही. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख या मंडळींचा आराध्य लेख आहे. पण त्याच्या शीर्षकातला 'जीवन' हा शब्द त्यांनी वाचलेला दिसत नाही. पु. ल. आपल्याच घरातल्या, आपल्याच वर्गाच्या जेवणाबद्दल लिहीत होते आणि तसे कबूल करून लिहीत होते. ते कुठेही पाहुणे नव्हते.

आता तो निबंध. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही 'माझ्या गावाची खाद्यसंस्कृती' असा विषय दिला. विषय देतानाच आम्ही चुकलो होतो, हे आता कळते. 'संस्कृती' म्हटले की विद्यार्थी धुतलेले कपडे घालून येतात. एका विद्यार्थिनीने स्टेशनबाहेरच्या खाण्यावर लिहिले. भाषा नेटकी होती. 'खमंग', 'जिभेवर रेंगाळणारी', 'तोंडाला पाणी सुटणारी' ही सारी मंडळी यथास्थान उपस्थित होती. ठाण्याच्या तहसील कार्यालयाच्या आवारातल्या मामलेदार मिसळीवर दोन परिच्छेद होते. तिखट सांगितली तर काय होते, मध्यम सांगितली तर काय, याचे विनोदी वर्णन होते. आमच्यापैकी एकीने समासात 'प्रत्ययकारी' असा शेरा लिहिला आणि वर्गातले सर्वाधिक गुण दिले.

पुढे हजेरीच्या कारणावरून तिला बोलावले तेव्हा कळले की तिच्या घरची वड्याची गाडी आहे, त्याच स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. ती पहाटे चारला उठून बटाटे सोलते. आई वाटण करते, वडील साडेसहाला पहिला घाणा काढतात, कारण सातच्या आतल्या गाड्या पकडणारा माणूस थांबत नाही. पावाची लादी उशिरा आली की सकाळ वाया जाते. निबंधात यातले एक अक्षर नव्हते. आम्ही विचारले, हे का नाही लिहिलेस? ती म्हणाली, "मॅडम, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

हे उत्तर आम्हाला फार लागले. तिला तिच्या घरची लाज वाटत होती, असा सोपा अर्थ आम्ही आधी लावला. तो चूक होता. मैत्रिणी तिच्या गाडीवर रोज खात होत्या, लपवण्यासारखे काही नव्हते. तिची समजूत निव्वळ वाङ्मयीन होती. लेखनात येण्याजोगे काय आणि न येण्याजोगे काय, हे तिने वाचनातून आणि आमच्याकडून शिकून घेतले होते. खाणाऱ्याने लिहायचे असते, तळणाऱ्याने नव्हे. म्हणून लिहायला बसल्यावर ती गाडीच्या मागून निघाली, वळसा घालून पुढे आली आणि पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिली.

कल्याणच्या खिडकी वड्याचे नाव कशावरून पडले, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. वझे यांच्या घरातून, घराच्या खिडकीतून वडे विकले जात. म्हणजे खिडकीच्या आत एक स्वयंपाकघर होते, त्यात घरची माणसे होती, घरातले कामच रस्त्याच्या कडेला येऊन उत्पन्न देऊ लागले होते. शहराच्या अर्थव्यवहाराबद्दल, बायकांच्या श्रमाबद्दल, उंबरठ्याबद्दल केवढे तरी त्या एका खिडकीवर लिहिता येईल. आम्ही वाचलेल्या खिडकी वड्यावरच्या प्रत्येक लेखात लेखक खिडकीच्या बाहेर उभा आहे.

पाहुण्याच्या जिभेला काय लागत नाही, हे पाहायचे तर डोंबिवली पुरे. या गावाचा सर्वांत महत्त्वाचा बाजारी पदार्थ कोणता? आमच्या मते पोळी. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात पूर्वेला नि पश्चिमेला पोळीभाजी केंद्रांसमोर उभे राहून पाहा. गाडीतून उतरलेली बाई सहा पोळ्या नि पाव किलो भाजी सांगते, तेवढ्यात घरी फोन करून कुकर लावायला सांगते आणि पिशवी घेऊन रिक्षाच्या रांगेकडे धावते. त्याआधी गाडीत तिने मटार सोलले असतील किंवा गवार मोडली असेल. महिलांच्या डब्यात ही कामे आम्ही रोज पाहतो, आमच्यापैकी एकीने वर्षानुवर्षे केली आहेत. बाहेर निवडलेल्या मेथीच्या आणि चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या बायका बसलेल्या असतात. एका बाईचा वेळ दुसरी बाई विकत घेते, आणि त्यावर हे नोकरदारांचे गाव रात्री जेवते. या पोळीचे छायाचित्र कोणी काढत नाही. तिला 'एकदा तरी खाऊन पाहा' असे कोणी म्हणत नाही. पाहुण्याला पोळीत पाहण्यासारखे काय असणार?

गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचे श्रम प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले, ही गोष्ट आपल्या स्त्रीवादी अभ्यासात नोंदली गेली आहे. डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रांत पोळपाटाशी उभ्या असलेल्या बायकांवरचा एक तरी खाद्यविषयक लेख कोणी आम्हाला दाखवावा.

पावसाळ्याच्या तोंडावर कल्याण आणि ठाण्याच्या बाजारांत शेवळे येतात. मुरबाडकडून एसटीने, शहापूरच्या बाजूने कसारा लोकलने ठाकूर, कातकरी बायका पाट्या घेऊन येतात आणि फुटपाथच्या कडेला बसतात. शेवळ्यांबरोबर काकडे ही आंबट फळे देतात, कारण त्यांच्यावाचून भाजी घशाला खाजते. मग कुरडू, टाकळा, भारंगी, कंटोळी. यावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, आणि तिथे 'रानमेवा' हा शब्द 'अस्सल'ची जागा घेतो. शेवळे जंगलात कुठे मिळतात, खणायला किती चालावे लागते, जंगलावर हक्क कोणाचा, घासाघीस करून भाव पाडणारी मंडळी कोण (आम्हीही त्यांत आहोत, हे कबूल केले पाहिजे), यांपैकी काही त्या लेखांत नसते. छायाचित्र मात्र असते. कपाळावरचे गोंदण, हातातल्या बांगड्या, पुढ्यात हिरवी पाटी.

त्या छायाचित्रांवरून पुन्हा कोलंबिया आठवते. कार्ताहेना शहरात डोक्यावर फळांची पाटी घेऊन रंगीत झग्यांत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया प्रवाशांच्या प्रत्येक छायाचित्रात असतात. त्यांना पालेंकेरा म्हणतात. सान बासिलिओ दे पालेंके हे त्यांचे गाव गुलामीतून पळालेल्या आफ्रिकी माणसांनी वसवले. २००५ मध्ये युनेस्कोने त्या गावाच्या संस्कृतीला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. या बायका फळे आणि खोबऱ्याची मिठाई विकायला शहरात येत. आज जुन्या तटबंदीच्या आत त्यांच्यापैकी अनेकजणींची कमाई छायाचित्रासाठी उभे राहण्याच्या पैशांतून होते. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही; पोट भरण्याचा तो त्यांचा मार्ग आहे. मात्र बाजार पाहण्याची वस्तू झाला की विकणाऱ्याचा माल कोणता उरतो, ते तिथे दिसते. आमच्या शेवळेवालीला अजून छायाचित्राचे पैसे कोणी देत नाही, एवढाच फरक.

इथे कोणी म्हणेल, अध्यापक महाशय, एवढे गंभीर कशाला होता? माणसाने दोन घास खाऊन आनंदाने चार ओळी लिहू नयेत काय? या लेखांनी गाडीवाल्याचे गिऱ्हाईक वाढत नाही काय? वाढते, हे मान्य आहे. आनंदालाही आमचा विरोध नाही. आमच्या स्वतःच्या वजनावरून कोणी तशी शंका घेणार नाही. पण गिऱ्हाईक वाढवणारे हे लेखक गाडी उचलली जाते त्या दिवशी कुठे असतात?

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्यानंतर साऱ्या उपनगरी स्थानकांबाहेरच्या फेरीवाल्यांवर रोख वळला. ऑक्टोबरमध्ये ठाणे आणि कल्याण येथे एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांचे सामान उधळले. १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीव्यवसाय नको, असा निर्णय दिला. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे, जो म्हणतो की सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत, आणि लोकांच्या सवयीने आपोआप तयार झालेल्या बाजारांचा विचार व्हावा. ही दोन वाक्ये एकमेकांसमोर ठेवली की एक खरा पेच उभा राहतो. संध्याकाळी ठाण्याच्या पुलावरून उतरणाऱ्या गर्भार बाईला चालायला वाट हवी, हे खरे. ज्याला ती वाट अडवल्याबद्दल हटवायचे, त्याचे गिऱ्हाईक त्याच वाटेवर चालते, हेही खरे. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कारवाईला गेलेल्या महापालिकेच्या महिला अधिकाऱ्यावर एका फेरीवाल्याने सुऱ्याने हल्ला केला, त्यात त्यांची बोटे तुटली. तेव्हा फेरीवाला हा गरीब बिचारा, असे भाबडे चित्र रंगवण्याची आमची इच्छा नाही.

पण हा सारा पेच खाद्यलेखनाच्या बाहेर आहे, असे मानण्यालाच आमची हरकत आहे. वडापावाची किंमत, आकार, गाडीची जागा, तेल बदलण्याची घाई किंवा दिरंगाई, हे सारे त्या १५० मीटरच्या रेषेने ठरते. चव म्हणतात तीही त्यातूनच येते. जो गाडीवाला दर आठवड्याला सामान सोडवून आणतो त्याच्या वड्यात बटाटा कमी पडला, तर खाद्यभ्रमंतीकार पुढच्या लेखात 'पूर्वीची मजा राहिली नाही' असे लिहून मोकळा होतो. गाडी कायमची गेली, तर 'एका चवीचा अस्त' असे शीर्षक तयारच असते. अस्त चवीचा झालेला असतो, गाडीवाल्याचे काय झाले ते नंतर कोणी पाहत नाही. आणि हाच लेखक दुसऱ्या दिवशी स्टेशन परिसर मोकळा झाल्याचे छायाचित्रही टाकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही निबंध पुन्हा लिहून आणायला सांगितले. तिने आणला नाही. परीक्षा जवळ होती, आणि गुण तर तिला मिळालेच होते. नव्याने लिहून तिला काय मिळणार होते? तिच्या जुन्या निबंधावरचा 'प्रत्ययकारी' हा शेरा अजून आमच्याच अक्षरात आहे.

यंदा विषय बदलला आहे. 'स्टेशनबाहेरचा एक पदार्थ' असा ५०० शब्दांचा निबंध, आणि अट अशी की 'चव', 'अस्सल', 'खमंग' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. वर्गाने कुरकुर केली. एकाने विचारले, मग लिहायचे काय? गठ्ठा परवा हाती आला. वरच्याच निबंधाच्या पहिल्या ओळीत तेलाच्या डब्याचा भाव आहे, दुसरीत गेल्या वर्षीचा. पुढचे अजून वाचायचे आहेत.